माझ्यादेखत धूर न देणारी गाडी

पूनमसिंग आडेला त्याच्या ट्रकबद्दल विचारलं तर तो नंबर सांगत नाही, साल सांगत नाही. "आमचा बळद," एवढंच म्हणतो. बळद म्हणजे त्यांच्या गोर बंजारा बोलीत बैल. गाडी सहाचाकी, डिझेल. मी एस.टी.च्या वर्कशॉपमधून रिटायर झालो तेव्हाच ती जुनी होती. केबिनचा मूळ रंग कोणता, हे आता तिच्या मालकालाही सांगता येत नाही.

त्याचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख फिरायचे. आता तांडा कोसदनीच्या घाटाखाली वसलेला आहे आणि सगळे कापूस, तूर, सोयाबीन करतात. माल वाहायचं काम तांड्यात एकट्या पूनमसिंगकडे उरलं. बैलांचे सगळे नियम त्यानं जसेच्या तसे गाडीला लावले. गाडी भरून निघताना चाकांवर पाणी. चढावर तिच्याशी बोलायचं, उतारावर गप्प बसायचं. पोळ्याला पुरणपोळीचा घास रेडिएटरच्या जाळीसमोर धरायचा. तो गाडी खात नाही म्हणून शेवटी बकरी खाते, पण धरायचा.

आणखी एक नियम त्यानं मला फार पूर्वी सांगितला होता. माल लादलेला बैल साजाशिवाय निघत नाही. आणि बैलाला नाल ठोकायची असली की साज आधी उतरवायचा. दुखवणारा हात लागतो तिथं साज नको. मी ऐकून घेतलं आणि नट आवळत राहिलो. माझा त्याच्याशी संबंध इंजिनापुरता.

या कापसाच्या हंगामात तो माझ्या अंगणात आला तेव्हा गाडीतून उतरला नाही. इंजिन चालू ठेवून तसाच स्टेअरिंगवर हात टाकून बसला.

"मिस्त्री, बळद दम टाकून राह्यला."

"कुठं?"

"घाटात. काळा धूर. पहिल्या गिअरवर पण रडते. मागच्या मोटरसायकलवाल्यानं शिव्या देल्या मले. मी आरशात पाह्यलं, तर तो माणूस दिसेचना. नुसत्या शिव्या येऊन राह्यल्या धुरातून."

डिझेल इंजिनाचा धूर तीन रंगांचा. निळा असला तर ऑइल जळतं. पांढरा असला तर पाणी तरी आत जातं, नाही तर डिझेल न जळताच बाहेर पडतं. काळा असला तर डिझेल आहे पण हवा कमी पडते. एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यात पाठ मोडते.

मी रेस द्यायला लावलं. धूर नाही. पुन्हा रेस. साइलेन्सरसमोर पांढरा रुमाल धरला. तो पांढराच राहिला. गाडी आर्णीच्या बायपासवर पळवून आणली. इंजिनाचा आवाज एकसारखा.

"हिला काही झालं नाही," मी म्हटलं.

"रिकामी हाये ना जी. रिकाम्या पोटी कोण रडते?"

हे बरोबर होतं. तरी मी एअर फिल्टर काढला. कापसाच्या हंगामात गाडीचा फिल्टर जसा असायचा तसाच होता, धूळ आणि रुईनं भरलेला. नवा बसवला. त्याला सांगितलं, "इंजिनात धूळ जाऊ देऊ नका. हवा जितकी स्वच्छ तितकं इंजिन टिकेल." हे वाक्य मी नोकरीभर सांगत आलो. आजही तेच सांगेन.

तो समाधानानं गेला आणि आठवड्याभरात परत आला. धूर दुप्पट झाला होता.

आता प्रकरण नुसतं धुराचं राहिलं नव्हतं. तांड्याचा कापूस जातो त्या जिनिंगवर वामनराव म्हणून सुपरवायझर आहेत. टापटीप माणूस, कापसाच्या गंजीपुढे पांढराच शर्ट घालून उभा राहणारा. त्यांनी पूनमसिंगच्या गाडीतला कापूस हातात घेऊन पाहिला, मग स्वतःचा शर्ट पाहिला आणि म्हणाले की हा कापूस आहे की कोळसा. गाडी वळणावर गेली की तिचाच धूर तिच्याच मालावर बसत होता. पुढच्या सोमवारी एक खेप येऊ द्या, ते म्हणाले. घाट स्वच्छ चढली तर हंगामभर तिचं काम तिच्याकडे. नाही तर तांड्याचा माल दुसऱ्या गाडीनं येईल.

पूनमसिंगच्या मुलाला, बादलला, हे बरंच वाटलं. त्याची स्वतःची पिकअप आहे, बापानं आता घरी बसावं असं त्याचं म्हणणं. त्यानं वणीच्या एका भंगारवाल्याला मंगळवारी यायला सांगून ठेवलं.

"मिस्त्री, मी घरी बसून काय करू?" पूनमसिंग मला म्हणाला. "मले बसता येत नाही. मांडी घातली का पाय क्लच शोधते."

मी त्याच्या पायाकडे पाहिलं. तेव्हाही शोधत होता.

मग मी सगळं काढलं. चारही बाजूंनी हवेचे पाइप तपासले, कुठं चिरलेला नाही. डिझेल फिल्टर बदलला. टाकीच्या तळाचं डिझेल बाटलीत घेऊन दिवसभर उन्हात ठेवलं. पाणी नाही, गाळ नाही. नोझल काढून यवतमाळला नेले, मशीनवर लावले, फवारा झाडूच्या काड्यांसारखा बारीक आणि सरळ. पंपाचं टायमिंग बरोबर. टॅपेट बरोबर. कॉम्प्रेशन जुन्या गाडीच्या मानानं चांगलं. चाकं उचलून फिरवली, ब्रेक कुठं धरून बसलेला नाही. साइलेन्सर ठोकून पाहिला, आत काही कोसळलेलं नाही.

एअर फिल्टर पुन्हा काढला. तो स्वच्छ होता. धुळीच्या रस्त्यानं कापूस वाहणाऱ्या गाडीचा फिल्टर दुकानातून आणल्यासारखा स्वच्छ. मला बरं वाटलं. वाटायला नको होतं.

केबिनमागे उजव्या बाजूला हवा ओढणारा उभा पाइप असतो, टपाच्या वर डोकं काढलेला, वर टोपी. तोही पाहिला. मोकळा. डाव्या बाजूला तेवढ्याच उंचीचा एक बांबू बांधलेला होता. ताडपत्रीसाठी असेल असं समजून मी त्याला हात लावला नाही.

एवढी मेहनत करून दोष सापडत नाही तेव्हा एकच काम उरतं. भरलेल्या गाडीत स्वतः बसायचं. मी आधीच बसायला हवं होतं, पण माझ्या गुडघ्यांना त्या केबिनची पायरी आवडत नाही.

तांड्यावर गेलो. गाडी कापसानं शिगोशीग भरून उभी होती. पूनमसिंगची बायको जमनी दारात हातात काहीतरी कापडाचं गाठोडं घेऊन उभी होती. मला पाहिल्यावर ती गाठोडं घेऊन आत गेली.

"काहून गेली?" मी विचारलं.

"मिस्त्री आला म्हणून," पूनमसिंग म्हणाला. मला वाटलं चहा ठेवायला गेली.

घाट सुरू झाला. मी डोकं बाहेर काढून मागं पाहत होतो. गाडी दुसऱ्या गिअरवर चढली. मध्ये एका ठिकाणी तिनं तिसरा घेतला. धूर उदबत्तीएवढाही नाही. माथ्यावर पूनमसिंगनं गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला अवघडल्यासारखं झालं.

"मिस्त्री, हे तुमीच हाये."

"काय मी?"

"काल हाच माल, हाच घाट. काल मेली होती. आज तुमी बसले."

मी त्याला सांगितलं की इंजिनाला माणूस ओळखता येत नाही. तो म्हणाला, बैलाला येतो. मी म्हटलं, हा बैल नाही. आपल्या घरी पाहुण्यानं काहीबाही बोललं तर आपण ऐकून घेतो, तसं त्यानं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटा गेला. धूर. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला घेऊन गेला. धूर नाही. नंतर मी नाही, धूर. मी आहे, नाही. वर्कशॉपमध्ये आम्ही दोष असाच शोधायचो, एकेक पार्ट काढून आणि घालून. या पद्धतीनं पाहिलं तर गाडीत कमी असलेला पार्ट मीच होतो.

तांड्यात त्याबद्दल शंका राहिली नाही. जाता-येता लोक हात जोडू लागले. देवसिंग नावाच्या शेजाऱ्यानं मला त्याच्या विहिरीच्या मोटारीजवळ घटकाभर उभं राहायला सांगितलं. पाणी चढत नव्हतं. मी उभा राहिलो, कारण तो ऐकेना. पाणी चढलं. नंतर कळलं की वीज तेव्हाच आली होती, पण तोवर ते ऐकून घ्यायला कोणी उरलं नव्हतं. जमनीनं केबिनमध्ये माझ्या जागेवर घडी घातलेली गोधडी ठेवली. तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही. घरी माझी बायको शोभा म्हणाली, "एवढी वर्षं तुमच्या असण्यानं या घरातला मिक्सर तरी सुरू झाला काय?"

मी झोपताना इंजिन डोक्यात पुन्हा उघडायचो आणि बंद करायचो. मी असताना काय वेगळं असतं? माझं वजन पासष्ट किलो. ते तर धूर वाढवायला हवं.

पूनमसिंगनं बातमी जिनिंगवर पोचवली. वामनरावांनी फोन करून मलाच विचारलं.

"मिस्त्री, तुम्ही म्हणे गाडीचा भाग झालात?"

"लोक म्हणतात."

"उद्या सोमवार आहे. मला गाडी पाहायची आहे. तुम्ही आत बसलात तर मला गाडीऐवजी तुम्हालाच काम द्यावं लागेल, आणि तुम्ही बिघडलात तर दुसरा मिस्त्री कुठून आणायचा?"

"मी बसणार नाही," मी म्हटलं.

पूनमसिंगला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "एवढ्या बारीला बसा ना जी. टपावर बसा. कापसात लपून बसा, मी ताडपत्री टाकतो."

"मग तो निकाल माझा लागेल, गाडीचा नाही."

"गाडीचा लागला तर मंगळवारी ती वणीले जाते, मिस्त्री. तुमचा लागला तर तुमी घरीच जाता."

तरी मी बसलो नाही. जो दोष माझ्यासमोर येत नाही तो मला बाहेर उभं राहूनच पाहायचा होता.

सोमवारी सकाळी मी आणि वामनराव त्यांच्या स्कूटरवर घाटाच्या मधल्या वळणावर जाऊन उभे राहिलो. खालून आधी आवाज आला. इंजिन घोरत होतं. मग वळणावर धूर आला, गाडीच्या आधी. वामनरावांनी शर्टाकडे पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकले. मग धुरातून गाडी निघाली.

मी ती गाडी इतकी वर्षं ओळखतो, पण त्या दिवशी ओळखली नाही. बोनेटवर लाल झूल, तिला आरसे लावलेले. हेडलाइटभोवती कवड्यांच्या माळा, डोळ्यांना काजळ घालावं तशा. आणि टपाच्या वर दोन शिंगं. लाल-पिवळ्या कापडाच्या खोळी चढवलेली, टोकाला लोकरीचे गोंडे, सरळ आभाळात गेलेली दोन शिंगं.

गाडी आमच्यासमोर आली, खोकली आणि बंद पडली. पूनमसिंगनं मागच्या चाकाला दगड लावायला उडी मारली. शेजारच्या सीटवर जमनी बसली होती, माझ्या गोधडीला स्पर्श न करता. मागून बादल मोटरसायकलवर आला. सगळे माझ्याकडे पाहू लागले.

मी डावं शिंग दाखवलं. "हे काय आहे?"

"बांबू हाये," बादल म्हणाला. "याडीनं सांगतलं म्हणून मीच बांधला यंदा पोळ्याच्या आधी." याडी म्हणजे आई. "एक शिंग होतं, दुसरं नव्हतं. तिले बरं दिसेना. खोळी पण तवाच शिवल्या तिनं."

"आणि हे?" मी उजवं दाखवलं.

"ते त्याचं सोताचं हाये," जमनी म्हणाली.

मी केबिनच्या पायरीवर चढलो आणि खोळीला हात लावला. हातात उशी आली. आतून गोधडीसारखं दुहेरी अस्तर, वर भरतकाम, खाली नाडीनं गच्च आवळलेली. बाहेरून सगळीकडे कापसाची रुई आणि रस्त्याची लाल धूळ चिकटून ती नमद्यासारखी घट्ट थापली गेली होती.

"हे अस्तर कधी लावलं?"

"तुमी सांगतलं तवा," पूनमसिंग म्हणाला. "धूळ जाऊ देऊ नोका म्हणाले ना. मी हिले सांगतलं. हिनं रातून बसून शिवलं."

म्हणून फिल्टर स्वच्छ होता.

"आणि मी आलो की हे कुठं असतं?"

"पेटीत," तो म्हणाला. माझ्या बुद्धीची त्याला काळजी वाटू लागली असावी. "तुमी हात लावणार, पाना लावणार. साज ठेवून कसं चालते? माल भरला का चढवतो, मिस्त्री आला का उतरवतो. तुमाले माहीत हाये. मीच सांगतलं तुमाले."

सांगितलं होतं.

वामनराव हळूच म्हणाले, "पण इतकी वर्षं गाडी चालवता, हवा तिथून जाते हे माहीत नाही?"

"माहीत हाये ना साहेब," पूनमसिंग म्हणाला. "पण कापडच हाये. कापडातून हवा जाते. आर्णीच्या पोट्ट्या तोंडाले दुपट्टे गुंडाळून स्कूटी चालवतात उन्हात. कोणती मेली काय?"

"त्या कापूस भरून घाट चढत नाहीत," मी म्हटलं. "आणि दुपट्ट्याला गोधडीचं अस्तर लावत नाहीत."

जमनी खाली उतरली. साठीची बाई, हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती गाडीच्या समोर जाऊन उभी राहिली आणि तिच्याकडे असं पाहू लागली की जणू इतकी वर्षं गाडीनं तिच्यापासून काहीतरी लपवलं होतं.

"म्हंजे नाक ते हाये?"

"हो."

"शिंगातून श्वास घेते?"

"हो."

"आन् मी नाक समजून समोरची जाळी मोकळी ठेवली. झुलीले भोक पाडलं तिच्यासाठी. आमच्या बैलाच्या तोंडावर काहीही घातलं तरी नाकपुडी झाकत नाही आमी. कोणी सांगतलं असतं नाक कुठीसा हाये, तर मी कायले झाकलं असतं?" मग ती नवऱ्याकडे वळली. "तू तर सांगाचं! याच्यासंगं माझ्यापेक्षा जास्त राह्यला तू!"

पूनमसिंग दगडाकडे पाहत राहिला.

मी खोळ काढायला नाडीला हात घातला तर तिनं थांबवलं. जिनं चढवली तिनंच उतरवायची. ती पायरीवर चढली, नाडी सोडली, खोळ ओढून काढली आणि झटकली. एवढी धूळ उडाली की वामनरावांचा शर्ट अखेर गेलाच. त्यांनी तो पाहिला आणि रुमाल काढून झटकू लागले.

"आता चला," मी म्हटलं.

कोणी हललं नाही.

"एका शिंगानं?" पूनमसिंग म्हणाला. "भरलेला बळद, एक शिंग सजलेलं, दुसरं उघडं? असा कधी निघाला नाही, मिस्त्री. आमच्या आजाच्या काळापासून नाही."

मी त्याला सांगितलं की डाव्या बांबूचीही खोळ काढा. जमनी म्हणाली, मग सजवलं काय? मी म्हटलं, बोनेट सजलेलं आहे. तिनं ते विचारातही घेतलं नाही. गाडी घाटात आडवी, मागे बसचा हॉर्न वाजतोय, वामनराव घड्याळ पाहतायत, आणि आम्ही चार माणसं शिंगांचा हिशोब करत उभे.

तोडगा बादलनं काढला. ज्याला गाडी मंगळवारी भंगारात घालायची होती त्यानंच. तो मोटरसायकल घेऊन खाली गेला आणि कोणाच्या तरी कुंपणाचा बांबू खांद्यावर टाकून आला. हवेच्या पाइपापासून हातभर दूर, टपाच्या कडेला त्यानं तो तारेनं आवळला. गाठ घालताना पुटपुटत होता, "उद्या भंगारवाला येऊन राह्यला, आन् मी याले शिंग लावून राह्यलो." पण तार त्यानं दुहेरी घातली. अशी तार एका दिवसासाठी कोणी घालत नाही.

जमनीनं खोळ नव्या शिंगावर चढवली. पाइप मध्ये उघडा, काळा, टोपी घातलेला उभा राहिला. तिनं पदराच्या टोकानं त्याची टोपी पुसली. नाक पुसतात तशी.

"आता बसा मिस्त्री," पूनमसिंग सवयीनं म्हणाला.

"नाही."

त्यानं इंजिन सुरू केलं. आधी एक काळा लोट आला, आत साठलेला. मग आवाज उघडला. बादलनं दगड काढला आणि गाडी निघाली. पहिला, दुसरा. वरच्या वळणावर तिनं तिसरा घेतला, ते आम्ही खालून ऐकलं. सजवलेली झूल, दोन शिंगं, मध्ये नाक, मागे पांढरा कापूस. आभाळ स्वच्छ.

वामनराव स्कूटरकडे वळले. "येऊ द्या हंगामभर," ते म्हणाले. स्कूटरला किक मारताना एवढंच विचारलं, "शिंगं आमच्या गेटखालून जातील ना?"

ती गेली नाहीत. जिनिंगवर गेटच्या कमानीला कडेचं नवं शिंग अडलं, म्हणून तेव्हापासून दोन्ही बांबू बिजागरीवर आहेत. बिजागऱ्या मी बसवल्या. चांगलं काम आहे. गेट आलं की पूनमसिंग दोरी ओढतो आणि बैल शिंगं मागं टाकतो. मंगळवारी भंगारवाला आला तेव्हा गाडी कापूस भरायला गेलेली होती. बादलनं त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढच्या खेपेला मी तांड्यावर ऑइल बदलायला गेलो. साज पेटीत होता. जमनी बाहेर आली आणि गाडीला फेरी मारली.

"मिस्त्री, आता सगळं एकदाच सांगा. तोंड कुठीसा हाये?"

मी डिझेलची टाकी दाखवली. तिनं मान डोलावली.

"कान?"

कान नाहीत म्हटलं. तिला ते पटलं नाही, पण तिनं सोडून दिलं.

"आन् मागचं?"

मी वाकून साइलेन्सर दाखवू लागलो, तर ती पदर तोंडाला लावून हसली.

"ते नोका दाखवू. ते मले पहिल्या दिवसापासून बरोबर माहीत हाये."

पूनमसिंग केबिनमध्ये होता. त्यानं शेजारच्या सीटवरची गोधडी अजून उचललेली नाही.